उचकी का लागते, कशी थांबते आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

उचकी लागली की घरातला प्रत्येक जण वैद्य होतो. एक जण पाण्याचा तांब्या आणतो, दुसरा साखरेचा डबा काढतो, आजी ‘कोण आठवण काढतंय बघ’ म्हणत एकेकाचं नाव घ्यायला लागते. इंदूरच्या आमच्या वाड्यात शेजारच्या भाभीही खिडकीतून सांगतात, ‘हिचकी आ रही है? नींबू चाट लो.’ पाच-दहा मिनिटांत उचकी थांबते आणि शेवटचा उपाय ज्याचा असेल त्याला श्रेय मिळतं. साधी उचकी बहुतेक वेळा आपली आपणच थांबते, त्यामुळे कुठलाही उपाय योग्य वेळी केला की गुणकारी ठरतो. यात तसं काही बिघडत नाही. बिघडतं ते तेव्हा, जेव्हा तिसऱ्या दिवशीही न थांबलेल्या उचकीला तेच पाणी आणि तीच साखर दिली जाते. म्हणून आधी उचकी म्हणजे नेमकं काय, हे नीट समजून घेऊ. ते कळलं की कुठला उपाय का चालतो आणि कुठे घरगुती उपायांची हद्द संपते, हेही कळतं.

छाती आणि पोट यांच्यामध्ये उपड्या वाडग्याच्या आकाराचा एक स्नायू असतो. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला श्वासपटल म्हणून शिकलो. तो आकसला की खाली सपाट होतो, छातीतली जागा वाढते आणि हवा आत येते. सैल पडला की वर जातो आणि हवा बाहेर पडते. झोपेतसुद्धा त्याचं हे काम चालूच असतं. उचकीत हाच स्नायू आपल्याला न विचारता अचानक जोरात आकसतो. हवा वेगाने आत खेचली जाते, पण ती पुढे जायच्या आतच स्वरयंत्रातली फट खाडकन बंद होते. श्वासपटलाचा झटका आणि फट मिटणं यांत सुमारे ३५ मिलिसेकंदांचं अंतर असतं, म्हणजे सेकंदाचा जेमतेम तिसावा भाग. तो ‘हिक्’ आवाज त्या बंद होणाऱ्या फटीचा.

कुणाला उचकी लागली असेल तर त्याच्याकडे नीट बघा. दोन्ही बाजूंच्या बरगड्या जिथे मिळतात, त्याच्या खालच्या मऊ भागावर तळहात ठेवला तर आतून धक्का लागतो. त्याच क्षणी गळ्याच्या खालची खळगी आत ओढली जाते आणि खांदे किंचित उचलतात. तोंड उघडं असलं तरी श्वास मात्र आत गेलेला नसतो. ज्यांच्या गळ्याला छिद्र करून श्वासासाठी नळी बसवलेली असते, त्यांच्या उचकीत हे उलट घडतं. हवा स्वरयंत्राला वळसा घालून नळीतून थेट फुफ्फुसांत जाते, म्हणून तो ओळखीचा आवाज येत नाही आणि प्रत्येक उचकी हा खराखुरा जादा श्वास ठरतो. उचकी लांबली तर अशा रुग्णाचा श्वास गरजेपेक्षा जास्त होऊ शकतो. आपल्या गळ्यातली ती फट मिटते, हे आपल्या भल्याचंच आहे.

आता हा झटका देतं कोण? घसा, अन्ननलिका, जठर आणि छातीतले अवयव यांच्याकडून मेंदूकडे खबर नेणारी एक लांबलचक नस आहे, व्हेगस. श्वासपटलाची स्वतःची नस फ्रेनिक. ती मानेच्या मणक्यांमधून निघते आणि छातीतून, हृदयाच्या अगदी कडेने खाली उतरून श्वासपटलाला मिळते. मेंदूच्या बुडाशी, मान सुरू होते त्या भागात, या खबरा पोचतात आणि तिथूनच श्वासपटलाला आणि स्वरयंत्राला हुकूम सुटतो. या वाटेवर कुठेही डिवचलं गेलं की उचकी लागू शकते. वाट किती लांब आहे याचा एक नमुना सांगते. व्हेगसची एक बारीक फांदी कानाच्या नळीपर्यंत येते. कानात गेलेला केस पडद्याला टेकल्यामुळे उचकी लागून राहिल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत. केस काढला आणि उचकी थांबली.

रोजच्या जगण्यात मात्र डिवचलं जातं ते जठर. जठर फुगलं की वरच्या श्वासपटलाला दाबतं आणि व्हेगसलाही ताण जाणवतो. भराभर खाणं, तुडुंब जेवणं, सोड्याची पेयं, दारू, खूप तिखट, खूप गरम, गरमावर लगेच गार, खाताखाता हसणं-बोलणं, ही सगळी नेहमीची कारणं. इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. थंडीत रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला उभे राहिलो की काय होतं? कढईतून नुकते काढलेले, बाहेरून कडक आणि आत वाफाळते तुकडे, वर आंबट-तिखट मसाला आणि लिंबू. गर्दीत उभ्याउभ्या, फुंकर मारत आणि गप्पा मारत आपण ते खातो. तोंडाने हवाही भरपूर गिळली जाते. मग तिखट शमवायला गार शिकंजीचा पेला. पोट फुगणं, हवा, तिखट, गरम आणि लगेच गार, एवढी सगळी निमित्तं दहा मिनिटांत जमून येतात. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत असो की गणपतीत पंगतीला आग्रहाने वाढलेल्या श्रीखंडाच्या तिसऱ्या वाढीनंतर असो, कारण तेच. ज्यांना वारंवार उचकी लागते त्यांनी खाणं सोडायची गरज नाही. बसून, सावकाश आणि थोडं कमी खाल्लं, गरम घासावर गार घोट टाळला, तर बहुतेकांचा त्रास निम्म्यावर येतो असा माझा घरातल्या माणसांवरचा अनुभव आहे.

उचकीचा उपयोग काय, याचं पक्कं उत्तर अजून कुणापाशी नाही, पण अंदाज फार सुंदर आहेत. बाळाला आईच्या पोटातच उचकी लागते. सातव्या-आठव्या महिन्यात पोटात एका लयीत टुकटुक जाणवतं, ते बरेचदा हेच असतं, आणि त्यात काळजीचं काही नाही. २०१९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी १३ नवजात बाळांच्या मेंदूतले विद्युत संकेत तपासले. प्रत्येक उचकीबरोबर मेंदूत संकेतांच्या ठरावीक लाटा उमटत होत्या. त्यावरून त्यांचा तर्क असा, की श्वासाचे स्नायू कुठले आणि ते कसे हलवायचे, हे बाळाचा मेंदू उचकीतून शिकत असावा. दुसरा तर्क आणखी मागे जातो. बेडकाचं पिल्लू कल्ल्यांवरून पाणी खेळवतं तेव्हा ते फुफ्फुसात जाऊ नये म्हणून गळ्यातली फट मिटून घेतं. आत ओढणं आणि लगेच मिटणं, ही जोडी आपल्यातही तिथूनच उरली असावी, असं २००३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं. तिसरा तर्क दूध पिणाऱ्या पिल्लांचा आहे. उचकीमुळे जठरातली हवा वर निघून जाते आणि दुधाला जागा होते. तान्ह्या बाळांना इतक्या उचक्या का लागतात, ते या तर्कातून चांगलं समजतं, म्हणून मला तो जास्त पटतो.

आता उपाय. शेकडो उपाय ऐकू येतात, पण उपयोगाचे जे आहेत ते दोनच गोष्टी करतात. एक, रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढवतात. तो वाढला की उचक्यांचा वेग मंदावतो. दुसरी, घसा आणि व्हेगस यांना दुसऱ्या कामाला लावतात, म्हणजे उचकीचं चक्र मध्येच तुटतं.

श्वास रोखून धरणं हा पहिल्या प्रकारचा उपाय, आणि तो आपण अर्धवट करतो म्हणून चालत नाही. नीट करायचा तर असा: बसा, श्वास पूर्ण बाहेर सोडा. मग छाती भरेल इतका खोल श्वास घ्या आणि दहापर्यंत आकडे मोजा. श्वास न सोडता, वर आणखी थोडी हवा ओढा आणि पाच मोजा. पुन्हा थोडी ओढा, पुन्हा पाच मोजा. मग सावकाश सोडा. यात श्वासपटल ताणलेल्या अवस्थेत धरून ठेवलं जातं, त्यामुळे त्याला झटका द्यायला वावच राहत नाही. चक्कर येत असेल तर सोडून द्या. हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी हा प्रकार करू नये. कागदी पिशवीत श्वास घेण्यामागेही कार्बन डायऑक्साइडचाच हिशेब आहे, पण हृदयाच्या आणि फुफ्फुसांच्या रुग्णांसाठी तो धोक्याचा आहे, आणि प्लास्टिकची पिशवी तर कुणीही, कधीही नाही.

पाण्याचा उपाय दोन्ही गोष्टी एकदम करतो, म्हणून तो इतका टिकून आहे. गिळताना श्वास थांबतोच. मध्ये श्वास न घेता सात-आठ छोटे घोट लागोपाठ घेतले, की श्वासही रोखला जातो आणि घसाही कामाला लागतो. पेल्याच्या पलीकडच्या काठाने वाकून पिणं, कानात बोटं घालून दुसऱ्याच्या हातून पिणं, ही त्याचीच रूपं. वाकल्यामुळे पोट दाबलं जातं, एवढंच काय ते जास्त. गुडघे छातीशी घेऊन मिनिटभर बसल्यानेही श्वासपटलावर तसाच दाब येतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, शौचाला कुंथतो तसा जोर दहा सेकंद लावला तर व्हेगस चाळवली जाते, पण रक्तदाबाच्या रुग्णांनी याच्या वाटेला जाऊ नये.

साखरेबद्दल एक जुनी नोंद आहे. १९७१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डॉक्टरांनी कळवलं, की एक चमचा कोरडी साखर गिळायला दिल्यावर २० पैकी १९ जणांची उचकी थांबली. साखरेचे खरखरीत दाणे घशाच्या मागच्या भागाला चाळवतात, असा त्यामागचा विचार. गोडीपेक्षा खरखर महत्त्वाची, म्हणून साखर पाण्यात विरघळवून देण्यात अर्थ नाही. जिभेवर लिंबाची फोड पिळण्यामागे किंवा चमचाभर व्हिनेगर घेण्यामागेही घशाला चाळवणं हाच हेतू आहे. भाभींचा सल्ला बरोबर आहे. मधुमेह असलेल्यांनी साखरेऐवजी लिंबूच घ्यावं.

अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या डॉक्टरांनी यासाठी एक खास नळी बनवली, तिचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या पाण्यातल्या टोकाला झडप असते, त्यामुळे पाणी ओढायला खूप जोर लावावा लागतो. ओढताना श्वासपटल आकसून राहतं आणि लगेच गिळताना स्वरयंत्राची फट मिटते. २४९ वापरणाऱ्यांना विचारलं तर सुमारे ९२ टक्के लोकांनी उचकी थांबली असं सांगितलं. कल्पना नामी आहे. पण ज्यांनी काहीच केलं नाही अशा लोकांशी तुलना त्यात केलेली नव्हती, आणि उचकीच्या बाबतीत ती तुलना फार गरजेची असते. साखरेच्या त्या १९ जणांबद्दलही मी हेच म्हणेन.

दचकवणं हा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेत हिक्का म्हणजे उचकी आणि श्वास म्हणजे दम लागण्याचे आजार, यांचा विचार एकाच अध्यायात केला आहे, आणि उचकी घालवण्यासाठी अचानक थंड पाणी शिंपडणं, भीती, आश्चर्य, राग, आनंद असे प्रकार सांगितले आहेत. दचकल्यावर माणूस झटकन श्वास ओढतो आणि क्षणभर थांबतो, त्यामुळे चक्र तुटू शकतं. आठवण काढणाऱ्याचं नाव घेताना लक्ष दुसरीकडे जातं आणि तेवढ्या वेळात उचकीची मुदतही संपत येते. त्या दोन मिनिटांत लांबच्या माणसांची नावं घरात घेतली जातात, याचं मोल वेगळंच आहे. वयस्कर माणसाला किंवा तोंडात घास असलेल्या मुलाला मात्र कधीही दचकवू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. डोळ्यांची बुबुळं दाबणं, मानेतली धडधडणारी रक्तवाहिनी चोळणं, हे प्रकारही काही जण सुचवतात. ते घरी करायचे नाहीत. पहिल्याने डोळ्याला इजा होते, दुसऱ्याने हृदयाचे ठोके एकदम मंदावतात आणि वयस्कर माणसाला पक्षाघातही होऊ शकतो.

आता ती हद्द. डॉक्टरांच्या हिशेबात ४८ तासांपर्यंतची उचकी साधी. ४८ तासांच्या पुढे गेली की ती चिवट, आणि महिन्याच्या पुढे गेली की हट्टी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले चार्ल्स ऑसबोर्न यांना १९२२ साली लागलेली उचकी १९९० मध्ये थांबली, मधली ६८ वर्षं ती चालूच होती. इतकी टोकाची गोष्ट आपल्या वाट्याला येणार नाही, पण दोन दिवसांची रेषा ओलांडणारे आपल्या आसपास असतात.

आमच्या ओळखीतले एक काका, सत्तरी ओलांडलेले. श्राद्धाचं जेवण झालं त्या दुपारी उचकी सुरू झाली. सगळ्यांना वाटलं, जेवण जड झालं. ओवा झाला, हिंग झाला, मोरपिसाची राख मधातून झाली. झोपेतही उचकी चालूच होती, आणि ही खूण फार महत्त्वाची. साधी उचकी झोप लागली की बहुधा थांबते. तिसऱ्या दिवशी ते पेंगुळल्यासारखे झाले, चालताना तोल जायला लागला. रक्त तपासलं तर सोडियम खूप कमी झालेलं होतं. रक्तदाबासाठी ते जी गोळी घेत होते तिच्याने लघवी जास्त होते आणि शरीरातलं सोडियम घटू शकतं. गोळी बदलली, दवाखान्यात ठेवून सोडियम हळूहळू वर आणलं आणि उचकी गेली. तिला पोटाचं औषध कितीही दिलं असतं तरी ती थांबली नसती.

चिवट उचकीमागे सगळ्यात जास्त वेळा आढळतं ते आम्लपित्त आणि अन्ननलिकेत वर येणारं आम्ल. त्याशिवाय मूत्रपिंड निकामी होणं, मधुमेह, रक्तातले क्षार बिघडणं, न्यूमोनिया, छातीतली किंवा मानेतली गाठ, पोटाचं ऑपरेशन आणि त्यासाठी दिलेली भूल, ही कारणं असतात. काही औषधांनीही उचकी लागते. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड आणि झोपेच्या काही गोळ्या त्यात येतात. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना हा त्रास बऱ्यापैकी होतो आणि ‘एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांना काय सांगायचं’ म्हणून ते गप्प बसतात. कृपा करून सांगा. बरेचदा औषध बदलून किंवा मात्रा कमी करून फरक पडतो.

कधी कधी मात्र दोन दिवस थांबायचंच नसतं. उचकीबरोबर छातीत दुखतंय, घाम फुटलाय, दम लागतोय, तर हृदयविकाराचा झटका असू शकतो, कारण हृदयाचा खालचा भाग श्वासपटलाला टेकलेला असतो. उचकीबरोबर भोवळ, गिळायला त्रास, आवाज बदलणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचं बळ जाणं, यांपैकी काही दिसलं तर तो मेंदूच्या बुडाशी आलेला पक्षाघात असू शकतो. अशा वेळी साखर शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. आणखी एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तरुण माणसाला दिवसेंदिवस उचकी आणि उलट्या एकत्र होत असतील, पोटाच्या तपासणीत काहीच सापडत नसेल, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. मज्जासंस्थेच्या एका आजाराची सुरुवात अशी होते आणि महिनोन्‌महिने पोटावरच उपचार चालू राहतात.

तान्ह्या बाळाच्या उचकीला यातलं काहीच लागू नाही. दूध पिऊन झाल्यावर उचकी लागणं हा बाळाचा रोजचा कार्यक्रम आहे. खांद्यावर उभं धरून ढेकर काढा, पंधरा-वीस मिनिटं सरळ ठेवा. टाळूवर ओला दोरा ठेवायची आपल्याकडे रीत आहे. दोरा निसटून बाळाच्या नाकातोंडात जाणार नाही एवढं बघितलं तर त्याने नुकसान नाही. सहा महिन्यांच्या आत पाणी नाही आणि वर्षाच्या आत मध तर अजिबातच नाही. मधात असू शकणाऱ्या एका जंतूचं विष बाळाच्या नसा लुळ्या पाडू शकतं. उचकीमुळे बाळ दूध टाकतंय, पाठीची कमान करून रडतंय, वजन वाढत नाहीये, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

मोठ्यांच्या चिवट उचकीसाठी औषधं आहेत आणि ती चांगली लागू पडतात. क्लोरप्रोमाझिन, बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, मेटोक्लोप्रमाइड ही त्यांतली नेहमीची. पण दुकानातून नाव सांगून आणायची ही औषधं नाहीत. क्लोरप्रोमाझिनने रक्तदाब एकदम उतरतो, रात्री उठताना म्हातारी माणसं पडतात. बॅक्लोफेन शरीरातून बाहेर पडतं ते मूत्रपिंडावाटे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना उचकी फार लागते, आणि नेमकं त्यांच्याच शरीरात हे औषध साठत जाऊन भ्रम होऊ शकतो, शुद्धही हरपू शकते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आयुर्वेदिक असली तरी. उचकी कधी सुरू झाली, झोपेत थांबते का, अलीकडे कुठलं औषध नव्याने सुरू झालं का आणि मूत्रपिंडाचा त्रास आहे का, एवढं आधीच एका कागदावर लिहून ठेवा. उचकी चालू असताना रुग्णाला धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत, तेव्हा तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.